"बाबा, आज वार कोणता?" हे विचारणं आधी बंद करा (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात एमसीआयवर, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटवर (वयाच्या मानाने जास्त विसरायला होतं, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळतो), चार ओळी काय लिहिल्या आणि मेलबॉक्स भरून गेला. बहुतेकांचा सूर एकच, डॉक्टरांनी "लाइफस्टाइल बदला" म्हणून घरी पाठवलं, आता घरी नेमकं करायचं काय? म्हणून या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, गोळ्या लिहून देत नाही, त्यामुळे औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. घरात काय टिकतं आणि काय आठवड्याभरात मोडतं एवढं मात्र इतक्या वर्षांत बघून बघून कळलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून तीच गोष्ट परत परत सांगतात, चष्मा फोन कुठे ठेवला ते विसरतात, पण बँकेचं, प्रवासाचं सगळं अजून स्वतः करतात. ३० मार्कांची ती मोका टेस्ट झाली त्यात २३ आले. डॉक्टर म्हणाले एमसीआय आहे, गोळी नाही, व्यायाम-आहार-झोप बघा आणि सहा महिन्यांनी या. मी नेटवर वाचून पूर्ण दिवसाचं टाइमटेबल बनवलं, शिवाय रोज रात्री त्यांना वार, तारीख, दुपारी काय जेवलात असं विचारते म्हणजे प्रॅक्टिस होईल. आता ते माझ्याशी धड बोलत नाहीत. माझं कुठे चुकतंय?

सगळ्यात आधी ते रात्रीचं विचारणं बंद करा, अगदी आजपासून. तुमचा हेतू चांगला आहे ते कळतंय, पण असं विचारून स्मरणशक्ती वाढत नाही. त्यांना आठवत नाही ही एकच गोष्ट त्यांना रोज रात्री नव्याने आठवते, एवढंच होतं. आणि माणूस अंदाजाने चुकीचं उत्तर देतो ना, ते चुकीचं उत्तरच कधी कधी डोक्यात पक्कं बसतं, म्हणून आमच्या कामात शक्यतो चुकूच न देता शिकवायची पद्धत आहे. म्हणजे विचारायच्या ऐवजी सांगून टाकायचं. "आज गुरुवार ना, दुपारी आत्या येतेय." वार पण सांगून झाला, आत्याचं पण, आणि परीक्षा नाही.

आता २३ चं. मोकामध्ये साधारण २६ आणि त्यावर नॉर्मल धरतात, पण शिक्षण किती झालंय, टेस्ट कुठल्या भाषेत झाली, त्या दिवशी झोप झाली होती का, नीट ऐकू येत होतं का, यावर दोन-चार मार्क इकडे तिकडे होतात. एमसीआय म्हणजे डिमेन्शिया नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी याची जी व्याख्या मांडली त्यातला मुद्दा हाच होता की वयाच्या मानाने स्मृती कमी झालीय पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळतोय, आणि तुमचे बाबा बँक सांभाळतायत. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या अकॅडमीने २०१८ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून जे मार्गदर्शन काढलं त्यात ६५ च्या पुढच्या एमसीआयवाल्यांपैकी दोन वर्षांत साधारण १५ टक्के लोकांना डिमेन्शिया झाला असं दिसतं. म्हणजे बाकीचे बरेच तिथेच राहतात, आणि काही तर पुढच्या तपासणीत चक्क नॉर्मल निघतात. धोका खोटा नाहीये, पण घरात सुतक पाळल्यासारखं वागायचंही कारण नाही.

टाइमटेबलचं सांगते, कारण ही माती मी स्वतः खाल्लीय. माझ्या सासऱ्यांना हेच निदान झालं तेव्हा मी घरातली एक्स्पर्ट, मग काय, मोठ्ठ्या कागदावर तक्ता केला, अकरा रकाने, चार रंगांची स्केचपेनं, प्रत्येक कामापुढे टिक करायला चौकोन. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते अक्षरशः खरं झालं. नवव्या दिवशी तक्ता भिंतीवर नव्हता. शोधला तर डायनिंग टेबलचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली आठ घड्या घालून व्यवस्थित बसवलेला. मी विचारलं तर म्हणाले, "आता उपयोग होतोय बघ." तेव्हापासून मी कुणालाच अकरा रकाने देत नाही.

प्रोग्रॅमच्या आधी एक काम आहे आणि ते बहुतेक घरात राहून जातं. स्मृती कमी करणाऱ्या ज्या गोष्टी दुरुस्त होऊ शकतात त्या बघितल्यात का? बी-१२, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, बीपी, शुगर. आणि गोळ्या! सर्दी-अॅलर्जीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांत डायफेनहायड्रामिन असतं, लघवी कंट्रोलला ऑक्सिब्युटिनिन देतात, जुनं अॅमिट्रिप्टिलिन चालू असतं, ही सगळी म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात ठेवणारी औषधं. मनाने बंद करू नका, पण घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, अगदी शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ओता. आठवून सांगू नका, ओता. बीपीला तर मी व्यायामाइतकंच महत्त्व देते. स्प्रिंट-माइंड नावाचा मोठा अभ्यास झाला, ९ हजारांवर माणसं, त्यात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेल्या गटात १४० वाल्यांपेक्षा एमसीआयच्या नव्या केसेस १९ टक्के कमी निघाल्या, २०१९ ची गोष्ट. तुमच्या बाबांना किती ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील कारण फार उतरलं तर चक्कर येऊन पडायची भीती, पण घरी मशीन आणून आकडे लिहून ठेवणं तुमच्या हातात आहे.

मग लाइफस्टाइलने खरंच फरक पडतो का? फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या टीमने फिंगर नावाचा ट्रायल केला, ६० ते ७७ वयाची १२६० धोक्यातली माणसं, दोन वर्षं, आहार + व्यायाम + मेंदूचे सराव + बीपी-शुगरवर लक्ष सगळं एकत्र. २०१५ ला निकाल आला, एकूण बौद्धिक चाचणीतली सुधारणा नुसता सल्ला दिलेल्या गटापेक्षा २५ टक्के जास्त. एक लक्षात घ्या, ही माणसं धोक्यातली होती, सगळी एमसीआयची नव्हती. आणि नेटवर जे कुणी सांगत नाही ते पण सांगते, नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये तशाच धर्तीवर मोठे ट्रायल झाले त्यात ठोस फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतला यूएस पॉइंटर आला, २१११ माणसं, एका गटाला दोन वर्षांत ३८ मीटिंगा, पाठपुरावा, ठरलेला व्यायाम, दुसऱ्याला माहिती देऊन फक्त सहा मीटिंगा आणि तुमचं तुम्ही करा. सुधारले दोन्ही गट, पण ज्यांच्या मागे कुणीतरी होतं ते थोडे जास्त. या सगळ्यातून मी माझ्यापुरतं काय घेतलंय तर, चमत्कार नाही, पण नेमाने केलं आणि कुणी सोबत केलं तर फरक पडतो. सोबत म्हणजे सोबत, वर उभं राहून हजेरी घेणं नव्हे.

म्हणून तुम्ही आता तक्ता काढून टाका आणि एकच गोष्ट ठेवा. चालणं. वेळ घड्याळाची नको, आधीच्या सवयीला बांधा, नाश्त्याची ताटली सिंकमध्ये ठेवली की बूट. बूट ताटलीच्या वाटेवर दिसतील असे ठेवा, कपाटात नाही. पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं आणि तुम्ही बरोबर जा, आणि चालताना वार विचारायचा नाही. दोन आठवडे बूट आपोआप पायात गेले की मग दुसरी गोष्ट. ती कुठली हे त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका.

प्रश्न : मिस्टरांना एमसीआय आहे, वय ७६, गुडघे दुखतात, एकदा बाथरूममध्ये पडलेत त्यामुळे बाहेर जायलाच घाबरतात. घरातल्या घरात कुठला व्यायाम चालेल? किती?

पडण्याची भीती आहे म्हणून बसून राहिले तर पाय आणखी कमजोर होतात आणि मग खरंच पडतात, हे चक्र आधी मोडायचं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात खास घरी करायचा एक प्रोग्रॅम तयार झाला, म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी करण्यासाठी, पायाची ताकद आणि तोल, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, शिवाय चालणं. त्याने पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. तो फिजिओथेरपिस्टने माणूस बघून बसवून द्यायचा असतो, तर एकदा फिजिओला घरी बोलवाच, पण त्याची चव कळावी म्हणून दोन गोष्टी सांगते.

एक, खुर्चीतून उठणं. खुर्ची भिंतीला टेकवायची म्हणजे मागे सरकणार नाही, चाकांची किंवा मऊ सोफा नको. पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत वाकायचं आणि उठायचं. उठून क्षणभर थांबायचं, मग सावकाश बसायचं, धपकन नाही, कारण ताकद त्या सावकाश बसण्यात येते. सुरुवातीला हातांनी आधार घेतला तरी चालेल. पाच वेळा जमलं तरी बास. दोन, ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, मग एका पावलाच्या बरोब्बर पुढे दुसरं पाऊल ठेवून दहा सेकंद उभं राहायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा.

किती, तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि वयस्करांनी आठवड्यातून तीन दिवस तोल-ताकदीचं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम. पण १५० हा आकडा त्यांच्यासमोर उच्चारू पण नका हो, घाबरतील. एमसीआयसाठी त्या अमेरिकन मार्गदर्शनात आठवड्यातून दोनदा व्यायाम एवढंच म्हटलंय, तिथून सुरू करा. छातीत दुखणं, चालताना धाप, नुकतं ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, या आठवड्यातच.

प्रश्न : हाय, मी परदेशात असतो, आईला एमसीआय डिटेक्ट झालंय. तिला टॅब्लेट घेऊन दिला, ब्रेन ट्रेनिंग अॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन पण भरलं. मी इथून तिचा स्कोअर बघू शकतो. ती आठवड्यातून एकदाच उघडते. तिला मोटिव्हेट कसं करू?

दादा, राग मानू नका पण हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. ती अॅप उघडत नाही कारण तिकडून मुलगा मार्क बघतोय हे तिला माहितीये.

अॅपचं म्हणाल तर, ज्या खेळाचा सराव केला त्या खेळात माणूस नक्की सुधारतो, पण म्हणून गॅस बंद केला का हे लक्षात राहायला लागतं असं क्वचितच होतं. २०१६ मध्ये अमेरिकेत एका नावाजलेल्या ब्रेन-गेम कंपनीला जाहिरातीतल्या दाव्यांवरून २० लाख डॉलर भरावे लागले होते, तेव्हापासून भाषा जरा सौम्य झालीय एवढंच. मेयो क्लिनिकचा हॅबिट म्हणून एक प्रोग्रॅम आहे एमसीआयवाले आणि त्यांचा जोडीदार दोघांसाठी, त्यात पाच भाग, योग, स्मृतीची वही, सपोर्ट ग्रुप, आरोग्याची माहिती आणि कॉम्प्युटरवरचे सराव. आळीपाळीने एकेक भाग काढून बघितलं तर मूड सुधारण्यात आरोग्याच्या माहितीचे तास कॉम्प्युटरच्या सरावापेक्षा सरस ठरले. आईला खेळ आवडत असेल तर खेळू दे, वाईट काही नाही. फक्त तुमच्याकडचा तो स्कोअरचा लॉगिन काढून टाका.

त्याऐवजी टॅब्लेट व्हिडिओ कॉलला वापरा, रोज एकाच वेळी, आणि तिच्याकडून काहीतरी शिका. खरंच शिका. तिला येणारं आणि तुम्हाला न येणारं काय आहे? विणकाम, शिवण, झाडांची कलमं, एखादं जुनं गाणं. शिकवताना माणसाला क्रम लावावा लागतो, शब्द शोधावे लागतात, समोरच्याचं चुकलं ते पकडावं लागतं, मेंदूला यापेक्षा जास्त काम कुठलं अॅप देणार?

प्रश्न : मॅडम, पेशंट मीच आहे. वय ७०, निवृत्त अकाउंटंट. मी रागावून लिहितोय. घरात सगळे माझ्याबद्दल माझ्यासमोर तिसऱ्या माणसासारखे बोलतात. मला दया नको, काम सांगा. आणि डायरीत लिहून ठेवलं तर मेंदू आळशी होतो का?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, खरंच. एवढ्या पत्रांत पेशंटने स्वतः लिहिलेलं हे एकच. आणि हिशेबाचा माणूस म्हणजे माझं अर्धं काम झालं.

डायरीने मेंदू आळशी होत नाही. तुम्ही आयुष्यभर खतावण्या लिहिल्या, त्या काय आकडे पाठ होत नव्हते म्हणून? एमसीआयमध्ये जुन्या सवयी शाबूत असतात, नवीन माहिती टिकवणं अवघड जातं, म्हणून शाबूत असलेल्या भागाकडून दुसऱ्याचं काम करून घ्यायचं. वहीची पद्धत अशी. खिशात किंवा पिशवीत मावेल अशी एकच वही, तारीखवार. दिवसाला समोरासमोरची दोन पानं. तीन भाग : वेळ ठरलेली कामं (डॉक्टर ११ वाजता), वेळ न ठरलेली कामं (बिल भरणे, अमक्याला फोन), आणि झालेल्या गोष्टी. तिसरा भाग लोक गाळतात आणि तिथेच घोडं अडतं, कारण "तू मला सांगितलंच नाहीस" ही भांडणं तिथेच मिटतात. प्लंबर येऊन गेला, काय म्हणाला, लिहा. मुलीचा फोन आला, नातवाची परीक्षा सोमवारपासून, लिहा. सोमवारी संध्याकाळी तुम्हीच फोन करून विचाराल "पेपर कसा गेला", आणि बघा घरच्यांची भाषा कशी बदलते.

सवय लागायला वेळ द्या. दिवसातून ठराविक तीन वेळा वही उघडायची, सकाळी, जेवणानंतर, झोपायच्या आधी, सुरुवातीला मोबाइलला अलार्म लावून. सुटे चिटोरे पूर्ण बंद, कॅलेंडरवर एक, फ्रिजवर एक, पाकिटात एक असं झालं की कुठलंच कामाचं राहत नाही. वही लपवू नका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, मित्रांसमोर उघडायची आणि म्हणायचं थांब लिहून घेतो. आणि हो, घरच्यांना माझं एक वाक्य वाचून दाखवा : तो खोलीत असताना त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशी बोला.

कामच हवंय ना, तर घराचा महिन्याचा हिशेब तुम्हीच लिहा, फक्त महिन्याअखेरीला दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायचा. ऑडिट समजा, तुम्हाला त्याचा राग येणार नाही.

(दुसऱ्याच दिवशी त्याच ईमेलवरून त्यांच्या मिसेसचं पत्र आलं, ते पण घेते.) प्रश्न : यांनी तुम्हाला लिहिलंय ते मला माहितीये. पण माझंही ऐका. दिवसभर मीच आठवण करून द्यायची, मीच फिरायला न्यायचं, मीच ऐकून घ्यायचं. मुलं म्हणतात आई तू त्यांच्याबरोबर रोज अर्धा तास मेंदूचे खेळ घे. माझ्या नाकी नऊ आलेत. नाही घेतले तर मी वाईट का?

मुळीच नाही. ब्रिटनमध्ये डिमेन्शिया असलेल्या माणसांबरोबर घरच्यांनी असे सेशन्स घ्यायचा एक मोठा ट्रायल झाला, ३५६ जोड्या होत्या, त्यात पेशंटची स्मृती काही सुधारली नाही. पण त्या दोघांमधलं नातं पेशंटच्या बाजूने सुधारलं असं दिसलं. म्हणजे तो अर्धा तास दोघांना आवडत असेल तर कराच, पत्ते खेळा, जुने फोटो लावा, भांडा सुद्धा. औषध म्हणून करत असाल आणि दात ओठ खात करत असाल तर सोडून द्या, पालथ्या घड्यावर पाणी आहे ते.

फिरायला नेण्याचे आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या कुणाचे. मुलं सल्ला देतात ना, त्यांना दिवस वाटून द्या, नावासकट. आणि ते तीन दिवस तुम्ही घर आवरायचं नाही.

प्रश्न : स्मरणशक्तीच्या गोळ्या, जिंको, ओमेगा-३ वगैरे चालू करू का? आणि आहार कुठला?

जिंकोचा ३ हजारांवर वयस्करांमध्ये मोठा ट्रायल झाला, २००८ ला निकाल, डिमेन्शिया टळला नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याने उलट त्रास होऊ शकतो. ओमेगा-३ च्या गोळ्यांनीही फ्रान्सच्या त्या ट्रायलमध्ये फरक पडला नाही. बी-१२ कमी निघालं तर बी-१२ घ्या, ते वेगळं. आहाराचं थोडक्यात : पालेभाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा जास्त, तळलेलं-गोड-मीठ कमी. मेंदूसाठीचा आहार म्हणून माइंड डाएट गाजलं, त्याचा २०२३ चा ट्रायल साधा कॅलरी कमी करण्याच्या आहाराच्या पुढे गेला नाही, त्यामुळे एका विशिष्ट डाएटच्या नावाने घरात युद्ध नको. सिगारेट बंद, दारू जितकी कमी तितकी बरी. बास.

प्रश्न : आईला ऐकू कमी येतं, मशीन आणलंय पण ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. याचा एमसीआयशी काही संबंध आहे का?

आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने २०२४ मध्ये डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं मोजली, त्यात ऐकू कमी येणं हे महत्त्वाच्या कारणांपैकी आहे. ऐकायच्या मशीनवरच्या २०२३ च्या अचीव्ह ट्रायलमध्ये ९७७ माणसं होती, ७० ते ८४ वयाची, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात मशीन दिलेल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. आणि साधं बघा ना, जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार, अर्धं "विसरली" हे मुळात "ऐकलंच नाही" असतं.

ड्रॉवरमध्ये का आहे ते विचारा. बहुतेक वेळा भांड्यांचा, पंख्याचा आवाज अंगावर येतो म्हणून काढून ठेवतात. कितीतरी वर्षांनी कानात आवाज गेला की मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना एक तास, मग वाढवत न्या. शिट्टी वाजत असेल किंवा टोचत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून फिटिंग परत करून घ्या, त्यासाठी दोन-तीन चकरा होतातच. आणि त्या आधी कानातला मळ तपासा, हसू नका, खूपदा तेवढंच असतं.

प्रश्न : सहा महिने सासूबाईंनी सगळं केलं, चालणं, वही, झोप. परत टेस्ट झाली, आधी २४ होते, आता २४ च. मेहनत वाया गेली का?

जिथे घसरण अपेक्षित असते तिथे २४ चे २४ राहिले याला आम्ही क्लिनिकमध्ये पेढे वाटण्यासारखी बातमी समजतो. २३ आले असते तरी एका मार्काने काही सिद्ध होत नाही आणि २५ आले असते तरी नाही. मी तर पेशंटना मार्क सांगतच नाही, विचारते की आठवड्यातले किती दिवस चाललात, गेल्या महिन्यात किती वेळा पडलात, वही शेवटची कधी उघडली, रात्री झोप कशी लागते, कुणाला स्वतःहून फोन केलात. यातलं सहा महिन्यांपूर्वीपेक्षा काय बदललं ते लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

मात्र काही गोष्टींसाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशाच्या व्यवहारात नव्याने गोंधळ, गॅस चालू राहणं, रोजच्या गोळ्या दोनदा घेणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, स्वभाव एकदम बदलणं, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि दोन दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला, माणूस दिवसा झोपाळलेला, मध्येच ओळख विसरतोय, तर तो एमसीआय नाही, इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन गोळी असं काहीतरी असतं, लगेच दवाखाना गाठा. तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं असेल तर थेट इमर्जन्सी, घरी थांबून बीपी मोजत बसायचं नाही.